भरदुपारची घंटा

श्रीरंगने पुन्हा दारावरची घंटा वाजवली. अर्जेंटिनात डोंगरपायथ्याशी वसलेली, ला रिओखा नावाची ही छोटीशी प्रांतीय राजधानी दुपारी अडीच वाजता चिडीचूप होती. एक दुकान उघडं नाही, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही. आज इथे बंद-बिंद आहे की काय, त्याला कळेना.

शेवटी एका म्हातारीने दार उघडलं. श्रीरंगने हसून उसवलेल्या बाहीचा कोट पुढे केला. ब्यूनोस आयर्समधल्या त्याच्या सहकाऱ्याने, रामिरोने, आईकडून शिवून आणायला तो दिला होता.

कोट पाहताच तिने हंबरडा फोडला आणि ती श्रीरंगच्या गळ्यातच पडली. तिच्या स्पॅनिशमधलं त्याला अवाक्षर कळेना. काय ही माया, असं वाटून त्याचेही डोळे भरून आले. ते पाहून ती आणखीच कोसळली. शेजारणी धावत आल्या. कुणी खुर्ची आणली, कुणी श्रीरंगच्याही पाठीवरून हात फिरवला. एका कोटापायी एवढं? भांबावून त्याने रामिरोलाच व्हिडिओ कॉल लावला.

"अरे देवा, दुपारी गेलास?" रामिरो ओरडला. "पाचपर्यंत सगळं गाव झोपतं तिथे! या वेळी घंटा वाजवतो तो मरणाची बातमी घेऊन आलेला माणूस!"

पडद्यावर मुलगा जिवंत दिसताच म्हातारीने डोळे पुसले. मग तिने त्याला दोन सणसणीत शिव्या हासडल्या, श्रीरंगला दंडाला धरून आत नेलं आणि पलंगाकडे बोट दाखवून काहीतरी दरडावलं.

"काय म्हणतायत?" श्रीरंगने रामिरोला विचारलं.

"म्हणतेय, झोप. जिवंत माणसं या वेळी झोपतात."