पुसायचा पाव

खोडरबर नव्हतं त्या काळी, हॉलंडमधल्या हार्लेमच्या म्हाताऱ्या लाम्बर्ट चित्रकाराने लाल खडूने काढलेली म्हातारी पावाच्या मऊ गोळ्याने पुन्हा पुसून टाकली.

चित्र जुन्या ग्रीक कथेतलं होतं. गरीब नवराबायको दारी आलेल्या देवांना जेवू घालतात आणि एवढाच वर मागतात, "आम्हाला एकाच दिवशी न्या."

"कुठलीही म्हातारी चालेल हो, काका!" गिऱ्हाईक वैतागलं.

पण दरवेळी कागदावर लाम्बर्टच्या बायकोचाच चेहरा उमटायचा. तिला कुठे मिळाला होता तो वर? गेल्या हिवाळ्यात ती एकटीच पुढे गेली होती.

शेवटी कुणा परक्या बाईचा चेहरा काढून त्याने चित्र देऊन टाकलं.

पुसायचा पाव बायको नंतर चिमण्यांना घालायची. आजही त्या खिडकीशी आल्या. हातातला गोळा तिच्या पुसलेल्या चेहऱ्याने गुलाबी झाला होता.

लाम्बर्टने खिडकी लावून घेतली आणि तो पाव स्वतःच खाल्ला.