सगळ्यात लांबचा आवाज

"आता डोळे मिटा," बाई म्हणाल्या. सगळ्यांनी मिटले. तिने नाही मिटले.

ती शेजारी बसलेल्या नवऱ्याकडे बघत होती. बागेतल्या हिरवळीवर मांडी घालून, पाठ ताठ करून, डोळे गच्च मिटून स्वारी बसली होती. मघाशी बाईंनी गवत चाचपायला सांगितलं तर चाचपलं, पान चुरडून हुंगायला सांगितलं तर अगदी मन लावून हुंगलं. घरी बायकोचा एक शब्द ऐकायचा नाही, आणि परक्या बाईने सांगितलं की लगेच शहाणं बाळ! तिच्या डोक्यात तिडीक गेली.

पण आता काय, संपलंच होतं सगळं. तिची बॅग भरून लेकीच्या गाडीत ठेवलेली होती, आणि गाडी बागेच्या फाटकाशी उभी होती. इथूनच ती लेकीकडे जाणार होती, कायमची. लेकीने एवढीच अट घातली होती. "आई, त्या बाई उघड्यावर बसवून ताण हलका करायला शिकवतात. एकदा दोघं मिळून जा. मग तू म्हणशील तसं." ताण हलका! ज्याने ताण दिला त्याच्याच मांडीला मांडी लावून बसायचं, आणि म्हणे ताण हलका. पण लेकीचं मन मोडवेना, म्हणून आली.

बॅगेचं तिने काल त्याला सांगितलंही होतं. ओट्याशी उभी राहून, भांडी घासता घासता. बोलताना रडू आवरत नव्हतं तिला. तर हा मागे पेपर वाचत ढिम्म बसून. जरा वेळाने म्हणतो कसा, "चहा टाकतेस का गं?"

शेजारीण म्हणाली होती, एकदा कान दाखवून आणा. कान? काही धाड भरलेली नव्हती कानांना. समोर उभं राहून नुसतं पुटपुटलं तरी बरोबर कळायचं त्याला. पाठ वळली की मात्र बायको मेली त्याच्या लेखी. उभा जन्म कापडाच्या कारखान्यात मागांवर काढलेला माणूस. त्या खडखडाटात आवाज पोचतो कुठे! नुसते ओठ हलवायचे, पलीकडच्या मागावरच्याने ते बघून उत्तर द्यायचं. तशातही यांच्या चेष्टामस्कऱ्या रंगायच्या. नवीन लग्न झालं तेव्हा पाहुण्यांनी भरलेल्या खोलीत समोरच्या कोपऱ्यातून असाच काहीबाही बोलायचा, आणि ती लाजून आत पळायची. त्याच माणसाला आता बायकोशी बोलायचं म्हटलं की तोंड दुखतं.

"सगळ्यात लांबचा आवाज शोधा," बाई म्हणत होत्या. "डोळे उघडायचे नाहीत. मी मागून येऊन विचारीन."

त्या एकेकाच्या पाठीशी थांबत गेल्या. कुणी म्हणालं, पाण्याचा पंप. कुणी म्हणालं, कुत्रं. तिने उगाच काहीतरी सांगायचं म्हणून सांगितलं, "कुणीतरी गादी झटकतंय."

"आणि तुम्ही, काका?"

तो गप्प.

"काका, काय ऐकू येतंय?"

चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. मागे कुणीतरी फिसकन हसलं. तिला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. आजवर हा मान घरात फक्त तिला होता, आता त्या बिचाऱ्या बाईंनाही मिळाला.

"असू दे, रमलेत ते," बाई हसून पुढे गेल्या. मग सगळ्यांना म्हणाल्या, "चला, आता हळूच डोळे उघडा."

लोक उठले, कपडे झटकत गप्पा मारू लागले. तो तसाच. आता मात्र हद्द झाली. ती त्याच्या बाजूला वाकली आणि लोकांना ऐकू जाऊ नये अशा बेताने, पण दातओठ खात म्हणाली, "पुरे झालं नाटक. मी चाललेय लेकीकडे. परत यायची नाही, ऐकलंत? इतकी वर्षं भिंतीशी बोलले. तुमच्यापेक्षा भिंत बरी, तिचा निदान राग तरी येत नाही."

त्याची पापणीसुद्धा लवली नाही. ती ताडकन उठली, चपला पायांत अडकवल्या आणि चालू लागली.

"अगं, आहेस ना इथे?" तो मागून मोठ्याने म्हणाला. "बाई अजून काहीच कशा बोलेनात?"

ती गर्रकन वळली. थट्टा करतोय मेला! पण त्याच्या चेहऱ्यावर थट्टा नव्हती. डोळे अजून मिटलेलेच होते, आणि तिची जागा शोधत त्याचा हात गवतावर घाबराघुबरा फिरत होता.

काल ओट्याशी उभी होती तेव्हा तिची पाठ होती त्याच्याकडे. सगळं आयुष्य तिने ओट्याशी उभं राहून, पाठ करूनच तर त्याला सांगितलं होतं.

ती परत फिरली, त्याच्या पुढ्यात गुडघे टेकून बसली आणि त्याचा हात दाबला. त्याने डोळे उघडले. तिला समोर बघून त्याचा जीव भांड्यात पडला. तिने तोंड चांगलं मोठं उघडून, घशातून जराही आवाज न काढता, नुसते ओठ हलवून विचारलं, "माझं काही ऐकू येतं का हो तुम्हाला?"

"न यायला काय झालं?" तो म्हणाला. "ओरडतेस कशाला अशी चारचौघांत?"