पोत्याची जागा

नवी नाव अठ्ठेचाळीस किलोंनी हलकी भरली.

उद्या शर्यत. पंचांनी काट्यावरून नाव उतरवताना बिकवानला सांगितलं, की नियमाला जेवढं कमी पडतंय तेवढं वजन आत बांधून आणा, नाहीतर ही पाण्यात उतरणार नाही. बिकवानने मान डोलावली. ड्रॅगनच्या तोंडाच्या या लांब नावा तिचे वडील बांधत. ते गेल्यापासून, म्हणजे अकरा वर्षं, ती बांधत होती. फळी रंधून रंधून इतकी पातळ करायची, की बोटाने ठोकली तर वाजावी, हा तिचा हट्ट. या वेळी तो अंगाशी आला होता.

गावातल्या पुरुषांनी वाळूचं पोतं भरलं आणि नावेत टाकलं. दुपारच्या भरतीने खाडी तुडुंब होती. पोतं पुढे ठेवलं की नावेचं तोंड पाण्यात घुसे. मागे ठेवलं की कुणीतरी शेपूट धरून ओढावं तशी ती रेंगाळे. मध्यावर ठेवलं तर पुढचे वल्हेकरी म्हणत छान, मागचे म्हणत छे. जुनी नाव लोखंडासारख्या जड लाकडाची होती. वल्ही थांबली तरी ती आपल्या वजनाने जात राही, कोण कुठे बसलंय याची तिला फिकीर नसे. ही तशी नव्हती. वल्हं पाण्याबाहेर आलं की ही थबके, आणि वजन हातभर जरी चुकलं तरी रुसून बसे.

बिकवान काठावरून पाण्यावर उमटणारी रेघ बघत होती. बिघडलंय एवढं तिला दिसत होतं. कुठे, ते काठावरून दिसत नव्हतं.

सुकाणू चुंगयाऊकडे होतं. साठीचा माणूस, तीस वर्षं त्याच जागी उभा राहिलेला. त्याने नाव काठाला लावली आणि पोतं बाहेर काढायला लावलं. या पोत्याला तोंड नाही, ते काय सांगणार, असं तो म्हणाला. त्यापेक्षा नेमकी जागा सापडेपर्यंत तिथे बिकवानला बसवू.

सगळ्यांनी वडाखाली खुर्ची टाकून बसलेल्या काम्शेंग आजोबांकडे पाहिलं. गावच्या देवळाचा आणि नावेचा मान त्यांच्याकडे होता. ते म्हणाले, इतर गावांत बायकांच्या नावा पळतात, पळोत बापड्या. इथे तसं कधी झालं नाही.

ते खरंच होतं. बिकवानच्या हातून अठरा नावा पाण्यात गेल्या होत्या, आणि ती एकीतही बसली नव्हती. नाव पाण्याला टेकली की हात काढून मागे सरायचं, हे ती वडिलांच्या मागे उभी राहून शिकली होती. का, असं तिने कधी विचारलं नव्हतं. निदान मोठ्याने नाही.

"बाई म्हणून कुठे बसतेय ती?" चुंगयाऊ म्हणाला. "पोतं म्हणून बसतेय."

नावेतले हसले. बिकवान हसली नाही.

"माझं वजन त्रेपन्न आहे," ती म्हणाली. कुणी विचारलं नव्हतं.

आजोबांनी काठावर काढलेल्या पोत्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "पोत्यासारखंच बसायचं मग. वल्ह्याला हात लागता कामा नये."

तिने चपला काठावर काढल्या आणि नावेत पाय टाकला. मध्यावरच्या, बसायच्या दोन फळ्यांच्या मधे, तळावर, ती गुडघे पोटाशी घेऊन बसली. दोन्ही बाजूंना घामेजलेल्या पोटऱ्या होत्या. ढोल वाजला आणि वीस वल्ही एकदम पाण्यात गेली.

काठावरून तिने नाव हजारदा पळताना पाहिली होती. ती सरळ पळते असं तिला वाटायचं. आतून तसं नव्हतं. प्रत्येक वल्ह्यासरशी तळ तिच्याखालून पुढे निसटत होता, क्षणभर ती मागे राहत होती, मग नाव तिला येऊन मिळत होती. पुन्हा निसटत होती. स्वतः रंधलेली फळी तिला मांडीखाली थरथरताना कळत होती. पाणी बोटभर अंतरावर होतं. हात मात्र ऐकेनात. ढोलाबरोबर मुठी वळत होत्या, सुटत होत्या. तिने ते काखेत दाबून धरले.

दुसऱ्या फेरीला ती एक फळी मागे सरकली. नाव शांत झाली. तोंड वर आलं, शेपटीमागचं पाणी मिटलं, वल्हं उचलल्यावरही ती थोडी, अगदी थोडी, पुढे जात राहिली. ती जागा हीच होती. अजून इंचभरही नको.

"सापडली का?" चुंगयाऊने मागून विचारलं.

"अजून नाही," बिकवान म्हणाली.

तिसरी फेरी झाली. चौथी झाली. ती जागेवरून हललीच नाही, आणि दर वेळी नकारार्थी मान हलवत राहिली. वल्हेकरी कुरकुरू लागले, की उद्यासाठी थोडा दम शिल्लक ठेवू द्या. ओहोटी लागली होती. काठाचा चिखल उघडा पडत होता आणि काम्शेंग आजोबा खुर्चीतून उठून उभे राहिले होते.

चुंगयाऊने एकदा पायाखालच्या नावेकडे पाहिलं, एकदा बिकवानच्या पाठीकडे. तीस वर्षांत नाव जागेवर बसल्याचं त्याच्या तळव्यांना कळलं नाही, असं कधी झालं नव्हतं. तो सुकाणूवरून पुढे वाकला.

"घाई नाही," तो हळूच म्हणाला. "जागा उद्या सकाळी सांगितलीस तरी चालेल."

मग तो ताठ झाला आणि वल्हेकऱ्यांना ओरडून म्हणाला, "फिरवा परत. पोत्याला अजून पटलेलं नाही."