रेषेवरचा बाप

भिंगरीने चेंडू जाळ्यात मारला, दोन्ही हात वर केले आणि वळून पाहिलं, तर तिच्या बापाचा झेंडाही वर होता.

रेफरीने शिट्टी वाजवली. ऑफसाइड. गोल नाही.

नेमलेला लाइनमन तापाने आडवा झाला होता, म्हणून झेंडा बापाच्या हातात आला होता. तो कुलपं दुरुस्त करायचा आणि सुट्टीच्या दिवशी फुटबॉलच्या सामन्यांत हौसेने रेषेवर धावायचा. आज त्याने नाही म्हणून पाहिलं. "माझीच मुलगी खेळतेय हो," तो म्हणाला. पण समोरच्या संघाचा कोचच हटून बसला. "म्हणून तर तुम्ही हवेत. घरच्या किल्ल्या देतो आम्ही तुमच्याकडे, झेंडा द्यायला काय झालं?"

आता प्रेक्षकांतून टाळ्या पडत होत्या. "वा रे पठ्ठ्या! पोटच्या पोरीलाही सोडलं नाही!"

बाप मात्र मैदानाच्या पलीकडच्या बाजूला पाहत होता. तिथे समोरच्या संघाची एक जाड वेणीची बचावपटू गुडघे झाडत उभी राहत होती. मघाशी ती पाय घसरून पडली होती, गोलच्या जवळ, बाकी सगळ्यांच्या पलीकडे. म्हणजे लेकीच्या संघाच्या कॅप्टनच्या पायातून चेंडू सुटला तेव्हा भिंगरीच्या पुढे गोलकीपर होती आणि ही वेणीवालीही होती; पुढे दोघी असल्या की ऑफसाइड होत नाही. गोल चोख होता. त्याने वेणीवालीला पाहिलंच नव्हतं. तो फक्त भिंगरीला पाहत होता. लेकीला चुकून झुकतं माप जाईल या धास्तीने त्याचा हात आपोआप वर गेला होता.

रेफरीने लांबूनच भुवया उंचावून विचारलं, नक्की ना? खेळ पुन्हा सुरू होईपर्यंत निर्णय फिरवता येतो. बापाने तोंड उघडलं. पण आता नाही म्हणावं तर टाळ्या वाजवणारे हेच हात बोटं दाखवतील. त्याने मान डोलावली. नक्की.

त्याला स्वतःची लाज वाटली. टाळ्या ऐकून थोडं बरंही वाटलं होतं, त्याची जास्त लाज वाटली.

भिंगरी पाणी प्यायला रेषेपाशी आली. बाटली तोंडाला लावली, पण प्यायली नाही.

"बाबा, मी मागे होते ना?"

"खेळाकडे लक्ष दे."

"हो की नाही, एवढंच सांग."

तो समोर बघत राहिला. लाइनमनने खेळाडूंशी बोलायचं नसतं, हे कारण आयतंच हाताशी होतं. ती बाटली ठेवून गेली.

त्याच्या पाठीमागे छत्रीखाली निवड समितीच्या बाई बसल्या होत्या. राज्याच्या संघासाठी त्यांना एकच स्ट्रायकर न्यायची होती, आणि हा शेवटचा सामना होता. त्या शेजारी बसलेल्या भिंगरीच्या कोचला म्हणाल्या, "पंधरा नंबर पळते छान. पण कधी पळायचं ते कळत नाही तिला."

पंधरा नंबर म्हणजे भिंगरी. चूक बापाची, आणि खात्यावर पडली पोरीच्या.

कॅप्टनने पुन्हा चेंडू पुढे काढला. बचावफळीपलीकडे मोकळी जागा, तिथे फक्त गोलकीपर. भिंगरी त्या फळीच्या चांगली हातभर मागे होती. एरवी ती वाऱ्यासारखी सुटली असती. पण ती जागची हलली नाही. आधी मान वळवून तिने बापाचा हात पाहिला. झेंडा खाली होता. तोवर गोलकीपरने चेंडू उचलला.

"अगं, लग्नाला आलीयेस का? पळ की!" कॅप्टन ओरडली.

पुढच्या चेंडूलाही तेच. आधी झेंडा, मग चेंडू. दुकानामागच्या बोळात त्यानेच तिला रोज बजावलं होतं, कुणाकडे बघायचं नाही, मोकळी जागा दिसली की सुटायचं. वर्षानुवर्षं शिकवलेलं एका हाताने पुसून टाकलं होतं. बाईंनी पिशवीची चेन लावली.

मग कॅप्टनने मधल्या फळीत चेंडू हिसकावला आणि मान वर केली. बापाने या वेळी एकूण एक मुलगी पाहून घेतली, वेणीवालीसुद्धा. भिंगरी बरोबर होती. चेंडू सुटला.

आणि भिंगरी पुन्हा त्याच्याकडे वळून पाहत उभी राहिली.

"पळ!" बाप ओरडला.

ती दचकली. लाइनमनचा आवाज आजवर कुणी ऐकलाच नव्हता.

"मघाशीही मागेच होतीस तू! माझं चुकलं! पळ गं!"

टाळ्या वाजवणारी माणसं उठून उभी राहिली. "अरे, हा काय प्रकार?" समोरच्या संघाचा कोच हातवारे करत रेषेकडे धावला. रेफरीने शिट्टी ओठांत धरली, पण ती वाजवायची की नाही हे त्यालाही सुचेना.

बाप रेषेवरून पळत होता, जीव खाऊन. झेंडा केव्हाच मागे गवतात पडला होता. आत, त्याच्या पुढे, भिंगरी सुटली होती. या वेळी तिने वळून पाहिलं नाही.