बर्फाच्या कप्प्यातली बाटली

कल्पना करा बाळांनो, तुमच्या बाबांच्या यकृतातली कॅन्सरची गाठ काढलीय आणि ती परत येऊ नये म्हणून डोळ्यांना न दिसणाऱ्या कणांचं औषध टोचायचंय.

मृण्मयीच्या घरी सिस्टर तेच औषध सिरिंजमध्ये भरत होत्या. "गोठलं नव्हतं ना? गोठलं की कण फुटतात, गुण जातो."

"छे हो, फ्रिजच्या खालच्याच कप्प्यात होतं," आई म्हणाली.

काल वीज गेली तेव्हा औषध टिकावं म्हणून मृण्मयीनेच बाटली बर्फाच्या कप्प्यात ठेवली होती. वीज आल्यावर ते गोठलं, तेव्हा घाबरून तिने ते वितळवलं आणि गुपचूप खाली ठेवलं.

"टोचा सिस्टर, लेकीपुढे रडणार नाही मी!" बाबा हसले.

मृण्मयीने त्यांच्या दंडावर आपला तळहात दाबून धरला. "थांबा. ते गोठलं होतं. माझ्यामुळे."