तीनदा लिहून काढा

"लिहा," कासाबोव सर म्हणाले. "निवडणूक. खाली रेघ मारा."

अकरावीच्या वर्गाने रेघ मारली. पुस्तक नव्हतंच. नोव्हेंबरात राजधानी सोफियात कम्युनिस्ट पक्षाचा जुना सर्वेसर्वा पायउतार झाला, जानेवारीत नागरिकशास्त्राचं जुनं पुस्तक रद्द झालं आणि नवं अजून कुणी लिहिलेलंच नव्हतं. तोवर राज्यव्यवस्था म्हणजे काय ते शिक्षकांनी आपल्या मनाने सांगावं, असा आदेश आला होता. आपल्या मनाने! वीस वर्षं वरून आलेलं वाचून दाखवणाऱ्यांची चांगलीच पंचाईत झाली. सर दोन दिवस व्याख्या जुळवत होते. 'सत्ता' जमली नाही, 'राज्यघटना' अर्धीमुर्धी जमली. 'निवडणूक' मात्र एका दमात कागदावर उतरली, एक शब्द खोडावा लागला नाही. सर स्वतःवरच खूश झाले होते.

"निवडणूक म्हणजे एकाहून जास्त नावांतून एक नाव निवडणं," ते सावकाश सांगू लागले. "नाव एकच असेल तर ती निवडणूक नव्हे..."

"ती हजेरी," तिसऱ्या बाकावरून झोर्नित्सा म्हणाली.

वर्ग हसला. सर हसले नाहीत. त्यांच्या हातातल्या कागदावरही पुढचे शब्द तेच होते.

"तुला कसं कळलं?"

"हे आमच्या लाचेझारचं वाक्य आहे, कॉम्रेड... आपलं, सर!" पुन्हा हशा. 'सर' म्हणायला लागून महिना झाला तरी पोरांच्या जिभेला वळण लागत नव्हतं. "दादाच्या निबंधातलं. आजच्या सभेत दाखवायला वही आणलीय मी. हे बघा, तुम्ही सहा दिले होते."

ती उठून वही घेऊन पुढे आली. पानाच्या तळाशी लाल शाईत सहा होते, सहापैकी सहा, आणि शेजारी सरांची सही. त्यानंतर आठवड्याच्या आत याच निबंधावरून लाचेझारला शाळेतून काढलं. तीन वर्षं होत आली, तो सिमेंटच्या कारखान्यात पोती उचलत होता. आज चार वाजता शिक्षकांची सभा होती आणि तिच्यापुढे एकच विषय होता: त्याला शेवटच्या परीक्षेला बसू द्यायचं की नाही.

"चहाडी केली कुणी पण?" मागून किरिलने विचारलं.

"तो तपासणीला आलेला टकल्या, दुसरं कोण?" झोर्नित्सा म्हणाली. "सरांनी तर सहा दिले. त्या दिवसांत असल्या निबंधाला सहा द्यायचे म्हणजे गंमत होती का? आई म्हणते, अख्ख्या शाळेत एकच माणूस निघाला."

आई नुसतं म्हणत नव्हती. दर सप्टेंबरात ती भाजलेल्या लाल मिरच्यांच्या चटणीने, ल्युतेनित्साने, भरलेली बरणी सरांच्या दारात ठेवून जायची. पहिल्या वर्षी सरांच्या घशाखाली घास उतरला नव्हता. पुढच्या वर्षी उतरला. त्याचीच त्यांना जास्त लाज वाटत होती.

आज सकाळी मुख्याध्यापकांनी त्यांना जिन्यात गाठलं होतं. "कासाबोव, त्या पोराविरुद्धचे तुमचे कागद मी डिसेंबरातच शेगडीत घातले. तुमच्याही जिवाला घोर नको, माझ्याही. सभेत त्याच्या बाजूने दोन शब्द बोला आणि मोकळे व्हा."

मोकळे व्हा म्हणे. सहा दिले होते ते खोटे नव्हते. ते देऊन झाल्यावर सरांना भीती वाटली होती, एवढंच. रात्रभर वाटली, आणि सकाळी ते आपण होऊन मुख्याध्यापकांच्या खोलीत गेले. कुणी बोलावलं नव्हतं.

"आज बोलाल ना सर, दादासाठी?"

"बोलेन."

"आणि तुम्हाला अजून शब्दन् शब्द पाठ आहे!" झोर्नित्साचे डोळे भरून आले होते. "मलासुद्धा वही बघावी लागते. दादाला सांगितलं तर त्याचा विश्वास बसायचा नाही."

"एवढं पाठ कसं केलंत सर?" किरिल मिश्कीलपणे म्हणाला आणि साऱ्या वर्गाने एका सुरात उत्तर दिलं. सर त्यांना पाचवीपासून हेच तर सांगत आले होते. "तीनदा लिहून काढा! जन्मात विसरणार नाही!"

हसण्याने वर्ग दणाणला. झोर्नित्साही डोळे पुसत हसली. सरांनाही हसता आलं असतं. कागद जळाले होते. सप्टेंबरात बरणी पुन्हा आली असती.

"हो," ते म्हणाले. "तीनदाच लिहून काढलं होतं."

"कशाला?" झोर्नित्सा अजून हसतच होती. "तुम्ही तर एकदा वाचूनच सहा दिलेत."

"मुख्याध्यापकांना तीन प्रती हव्या होत्या." सरांचा आवाज इतका खाली गेला की मागच्यांना पुढे वाकावं लागलं. "एक शाळेला, एक पक्षाला, एक पोलिसांना. वही तुझ्या दादाला परत देण्याआधी मी तिन्ही उतरवून काढल्या. तपासनीसाने काही केलं नाही. सभेतही मी हेच सांगणार आहे."

मागच्या बाकांवरचं हसणं थोडा वेळ रेंगाळलं, मग तेही थांबलं. झोर्नित्साने सरांपुढे धरलेली वही काढून घेतली, मिटली आणि दोन्ही हातांनी धरून ती तशीच उभी राहिली.

"सभेत सांगाल," ती म्हणाली. "पण आईला मी नाही सांगणार. तिला तुम्हीच येऊन सांगा, कॉम्रेड."

या वेळी कुणी हसलं नाही.