वरची पट्टी

पहिल्याच झटक्याला सगळं बेसूर झालं.

नव्या गिटारवालीने सुरुवात कडक केली होती. सरावाच्या खोलीच्या भिंतींना लावलेल्या जुन्या गाद्यांमधूनही आवाज बाहेर गेला असता अशी. पण लंबूची बेस गिटार त्यात मिसळली आणि दोन मांजरं एका पोत्यात कोंडल्यासारखा कल्लोळ उठला. ड्रमवर बसलेल्या भोंग्याच्या भाच्याचे हात हवेतच राहिले.

"थांबा!" भोंगा ओरडला.

भोंगा म्हणजे गायक. बँड त्याने आणि लंबूने मिळून काढलेला. या शहराला हेवी मेटल पहिल्यांदा ऐकवलं ते या दोघांनी, आणि त्यासाठी शिव्याही पहिल्यांदा यांनीच खाल्ल्या. पुढे बँडची धर्मशाळा झाली. गिटारवाले आले-गेले, ड्रमर आले-गेले. जो गेला त्याला भोंग्यानेच काढलं, आणि तेही दोन शब्दांत: "वायर काढ." मग त्या माणसाने अ‍ॅम्प्लिफायरमधली आपली वायर उपसायची आणि मुकाट्याने चालू लागायचं. ड्रमरला वायर नसते, पण अर्थ त्यालाही कळायचा.

आजचा घोटाळा मात्र दारातच झाला होता. नवा गिटारवाला आला की लंबू त्याला बाहेरच गाठायचा आणि कानात सांगायचा, तारा रेकॉर्डपेक्षा दोन पट्ट्या खाली लाव, आणि भोंग्यासमोर अवाक्षर काढू नकोस. भोंग्याच्या घशाचं ऑपरेशन झालं तेव्हापासून हे चाललं होतं. खुद्द भोंग्याला पत्ता नव्हता. जुनं ऐकतो तो म्हातारा होतो, असं म्हणून तो स्वतःच्या रेकॉर्डला कधी हात लावत नसे. पण मोठा कार्यक्रम तोंडावर आलेला, म्हणून आज तोच सगळ्यांच्या आधी येऊन बसला आणि दार त्यानेच उघडलं; लंबूला पोरीला गाठताच आलं नाही. पोरगी बिचारी रेकॉर्डवर होतं तस्सं घोटून आली होती.

"कोण चुकलं?"

"मी नाही, काका. मी रेकॉर्डच्याच पट्टीत आहे." पोरीने तारांचा सूर दाखवणारा आपला ट्यूनर त्याच्यापुढे धरला.

काका म्हटल्यावर एरवी त्याने घर डोक्यावर घेतलं असतं. आज त्याने फक्त ट्यूनरकडे पाहिलं. मग लंबूकडे.

खरं सांगावं तर भोंगा खचला, न सांगावं तर आपण बँडबाहेर. इकडे आड, तिकडे विहीर.

"माझंच चुकलं," लंबू म्हणाला. "तारा उतरल्या असतील. कान गेले रे माझे."

"कान गेले? कार्यक्रम आठवड्यावर आलाय, आणि तुझे कान आत्ता गेले?"

लंबू बेसच्या खुंट्या चाचपत राहिला. अ‍ॅम्प्लिफायरची घूं घूं तेवढी चालू होती.

"वायर काढ, लंबू."

भाचा अर्धवट उठला. "मामा, अहो..."

"तू बस खाली."

लंबू वाकला. त्याला रडू येत होतं, आणि या वयात रडू येतंय याचा रागही येत होता. हात वायरपर्यंत पोचला तेवढ्यात पोरगी बोललीच.

"काका, आपोआप उतरल्या असत्या तर एक कमी, एक जास्त अशा उतरल्या असत्या. यांच्या चारही तारा सारख्याच खाली आहेत. मुद्दाम लावल्यासारख्या."

"गप बस गं," लंबू कळवळून म्हणाला.

ते ऐकून भोंगा सावध झाला. त्याने माइक उचलला. "पोरी, तू एकटीच वाजव. तुझ्या पट्टीत."

तिने सुरुवात केली. पहिल्या ओळी ठीक गेल्या. मग ती जागा आली, जिथे आवाज चढतो आणि जिच्यामुळे त्याला भोंगा हे नाव पडलं होतं. आवाज अर्ध्यावर फाटला. त्याने खूण करून तिला पुन्हा वाजवायला लावलं. या खेपेला नुसतीच हवा निघाली. भाच्याने मान खाली घातली.

"आता लंबू. तुझ्या पट्टीत."

"राहू दे ना."

"वाजव म्हणतो ना!"

लंबूने वाजवलं. भोंगा गायला, आणि ती जागा त्याने एका दमात गाठली. गाठल्याबरोबर तो गायचा थांबला आणि खुर्चीत बसला.

"कधीपासून?"

"ऑपरेशनपासून."

"म्हणजे मधले ते गिटारवाले... वाजवण्यात धार नाही म्हणून मी घालवलेले..."

"सैल तारेला धार कुठून येणार?"

"त्यांना माहीत होतं?"

"सगळ्यांना."

"आणि जाताना एकानेही तोंड उघडलं नाही? माझ्या तोंडावर मारून जायचं होतं की!"

"गिटारवाला दुसरा मिळतो," लंबू म्हणाला. "भोंगा कुठून आणायचा?"

भोंगा पोरीकडे वळला. त्याचा आवाज इतका खाली आलेला भाच्यानेही कधी ऐकला नव्हता.

"पोरी, तारा सैल कर."